शहारे मॅडमची दहावी

इंग्रजीतले ए, अॅन आणि द हे तीन शब्द मी बावीस वर्षं शिकवते आहे. त्यांचे एकोणतीस नियम मला तोंडपाठ आहेत. नदीच्या नावाआधी द लागतो, तळ्याच्या नावाआधी लागत नाही. डोंगररांगेला लागतो, एकट्या शिखराला लागत नाही. फळ्यावर हे नियम लिहिताना माझं अक्षर छापल्यासारखं येतं, आणि हे मी म्हणत नाही, तपासणीला आलेल्या एका साहेबांनी म्हटलं होतं. तरीही आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, हे तीन शब्द तुला कोणी शिकवले. तो माझं नाव घेणार नाही. तो म्हणेल, शहारे मॅडम. हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साळसूद समजायला नको.

आमची शाळा नवेगाव बांधच्या पलीकडे, एका लहान गावात आहे. मी नागपूरची एम. ए., लग्न होऊन कापगत्यांच्या घरी आले. घरची धानाची शेती, कालव्याचं पाणी, सासऱ्यांचा गावात शब्द. शाळेत दहावीची तुकडी एकच, आणि ज्याच्याकडे दहावी त्याचा मान. निकालाच्या दिवशी पालक त्याला शोधत येतात, पेपरात फोटो आला तर मुलांच्या मागे तोच उभा असतो, आणि बाकीचे सगळे बाकीचेच असतात. जुने सर निवृत्त झाले तेव्हा दहावीचं इंग्रजी माझ्याकडे आलं आणि आता ते माझ्या निवृत्तीपर्यंत माझंच, असं मी धरून चालले होते. त्याच वर्षी आठवीला शिकवायला शहारे मॅडम आल्या.

पावसाळ्याचे दिवस होते. एसटीतून उतरून कच्च्या रस्त्याने एक काळीसावळी, ठेंगणी बाई चपला हातात घेऊन आली. पायांच्या बोटांमध्ये पिवळं मलम. मला वाटलं, कोण्या मुलाची आई असेल, दाखला मागायला आली असेल. तिने माझ्याच टेबलाशी येऊन ऑर्डर पुढे केली आणि पायांकडे बोट दाखवून म्हणाली, "चिखल्या झाल्या, ताई. रविवारी आईसंग रोवणीले गेली होती." पहिल्याच दिवशी, नव्या नोकरीत, कोणी न विचारता. मी असते तर मोजे घालून आले असते.

तिची आई अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावची, बौद्ध मोहल्ल्यात राहणारी. जन्मभर लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी केलेली, चिखलात वाकून रोपं लावलेली. ती आमच्याही बांधीत येऊन गेली होती, हे मला नंतर सासूबाईंकडून कळलं. त्यांनी ते ज्या सुरात सांगितलं तो सूर मला तेव्हा खटकला नाही. माझ्या हेव्यात तोही सूर होता, हे आता झाकण्यात अर्थ नाही.

शहारे मॅडमचं अक्षर वाकडंतिकडं होतं. फळ्यावरची ओळ डावीकडून निघाली की उजवीकडे पोचेपर्यंत वीतभर खाली उतरलेली असायची. 'प्लेझर'ला ती प्लेजर म्हणायची आणि वर्गात निम्मं आमच्या भागातल्या झाडीबोलीतच बोलायची. स्टाफरूममध्ये मी तिचे उच्चार कधीमधी हळूच दुरुस्त करत असे. ती मान खाली घालून हसायची, वहीच्या मागच्या पानावर तो शब्द लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी मुलांना सांगायची की काल मी चुकीचं सांगितलं, कापगते ताईंनी बरोबर सांगितलं. अशा बाईशी भांडायचं कसं, हे मला आजही माहीत नाही.

आमच्या वर्गांमधल्या भिंती छतापर्यंत जात नाहीत. त्यामुळे माझ्या नववीच्या वर्गात तिची आठवी ऐकू यायची. ए आणि दचा धडा तिने सुरू केला तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण माझ्या मुलांनी माझ्याकडे पाहणं सोडलं होतं. पलीकडून तिचा आवाज येत होता.

"एक पाहुना गावात आला. तुमाले मालूम हाय का थो कोनाचा?"

"नाही."

"मंग थो ए. ए मॅन. आता इचारा, कोनाघरचा हो? थो म्हनते, बुधाबाईच्या घरचा. झाली ओळख?"

"झाली."

"मंग आता थो द."

एवढंच. आमच्या भागात नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न हाच असतो, कोनाघरचा. तो न विचारता कोणी कोणाला पाणीसुद्धा देत नाही. तिने त्यातून इंग्रजी काढलं. मग सूर्याला आणि चंद्राला द का, तर त्यांची ओळख कोणी कोणाला करून द्यायची, जन्मल्यापासून आहे. राइसला ए का नाही, तर धान कोणी दाणा दाणा मोजतं का, पोतं मोजतं, म्हणून पोत्याला ए लावा. आणि अॅन कुठे येतो ते पुस्तकाला विचारू नका, "तोंडाले इचारा." मुलं दिवसभर तोंडाला विचारत फिरायची. ए अंब्रेला, अॅन अंब्रेला, असं म्हणत पोरं नळावर रांगेत उभी असायची आणि शिपाई यादवराव त्यांना ओरडायचा. माझी नववी मात्र दर नावाआधी द लावायची, द इंडिया, द गांधीजी, कारण द लावला की वाक्य भारदस्त वाटतं अशी त्यांची समजूत झाली होती.

एकदा मी तिला पकडायचं ठरवलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, ओळखीचंच सूत्र असेल तर वैनगंगेला द लागतो आणि महाराष्ट्राला का लागत नाही? महाराष्ट्राची ओळख नाही का कोणाला? ती वहीच्या मागच्या पानावर दोन्ही नावं लिहून म्हणाली, "थे मले बी नाही समजत, ताई. तेवढं पाठच करा लागते. थे तुमीच शिकवा न माह्या पोराईले."

आणि दुसऱ्या दिवशी तिने आठवीचा अख्खा वर्ग माझ्यासमोर आणून बसवला. स्वतः मागच्या बाकावर मुलांमध्ये बसली. मी नद्या शिकवल्या, डोंगर शिकवले, मुलांनी लिहून घेतलं. तासभर मी हवेत होते. घरी जाताना लक्षात आलं की पकडली मीच गेले. तिचं अज्ञान तिने चारचौघांत सांगितलं आणि तिचं काहीच कमी झालं नाही. मी माझं अज्ञान एवढं सहज कोणाला दाखवलं असतं तर आठ दिवस जेवण गेलं नसतं.

माझी मुलगी श्रुती तेव्हा त्याच आठवीत होती. एका संध्याकाळी मी तिचा गृहपाठ तपासत होते आणि नियम क्रमांक अकरा सांगायला लागले. ती म्हणाली, "आई, तू सांगते तसं नको. आधी ओळख झाली का, तेवढं पाहायचं." मी वही मिटून तिच्या हातात दिली आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. जिच्या आईने आमच्या चिखलात वाकून रोवणी केली, तिच्याकडून माझी मुलगी शिकून येत होती आणि मला शिकवत होती. भाजी करपली ती करपलीच.

श्रुतीला पुढच्या वर्षी आम्ही गोंदियाला माझ्या भावाकडे ठेवलं, तिथल्या शाळेत घातलं. शिक्षण चांगलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. शहारे मॅडमनी तिला निरोप देताना पेन दिलं होतं. ते मुलीने बरीच वर्षं जपलं.

शहारे मॅडम आठवीच्या त्या मुलांबरोबर नववीत गेल्या. मग ती मुलं दहावीत आली आणि पालक हेडमास्तरांकडे आले. पाचसात बाया आणि दोन म्हातारे. त्यांचं म्हणणं एकच, की याच मॅडम राहू द्या. हेडमास्तरांनी मला बोलावून चहा पाजला. एक वर्ष करून पाहू, म्हणाले. माझे दोन वर्षांचे निकाल त्यांच्या टेबलावर होते. निकाल वाईट नव्हते, पण ते बोलून दाखवावे असेही नव्हते. मी होकार दिला. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दहावी परत.

आता रोवणीबद्दल सांगायला हवं. जुलै लागला, कालव्याला पाणी सुटलं, की आमच्याकडे दहावीचा वर्ग ओस पडतो. थोराड पोरंपोरी आईबापांबरोबर बांधीत उतरतात. पाऊस थांबत नाही आणि धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपंही, थांबत नाहीत. बाकीचे शिक्षक हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे होतात, मीही होत असे. शहारे मॅडमनी वेगळीच रीत काढली. स्वतःचे आठवी-नववीचे तास संपले की छत्री घ्यायच्या आणि ज्या बांधीत मुलं असतील तिथे जायच्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहायचं आणि रांगेत वाकलेल्या मुलांना वाक्यं विचारायची. पऱ्ह्यांच्या जुड्या चिखलात फेकलेल्या असतात. कोणतीही एक दे म्हटलं तर ए बंडल, तुझ्या पायाशी आहे ती दे म्हटलं तर द बंडल. हळूहळू रोवणीच्या बायासुद्धा गंमत म्हणून बोलायला लागल्या. एका म्हातारीने सासूबाईंकडे "द चहा" मागितला आणि दिवसभर अख्खी रांग हसत होती.

हेडमास्तरांची तोंडी परवानगी होती. एकच अट, बाहेर जाताना हालचाल रजिस्टरमध्ये लिहून जायचं. शाळेच्या वेळेत कोणी बाहेर पडलं तर कुठे गेलं ते लिहायची ती वही. आम्ही सगळे त्यात "शासकीय काम" असं लिहितो. शहारे मॅडम मात्र बांधी कोणाची ते लिहायच्या आणि तिथे कोणती मुलं आहेत त्या सगळ्यांची नावं लिहायच्या. 'काही विद्यार्थी' असं त्यांना लिहिताच येत नसे.

तो दिवस गुरुवारचा. हेडमास्तर गोंदियाला मीटिंगला गेले होते आणि सेवाज्येष्ठ म्हणून त्यांच्या खुर्चीवर मी होते. दुपारी अचानक शिक्षण खात्याची गाडी आली. साहेब नवीन होते, घाईत होते. थेट दहावीच्या वर्गात गेले. वर्गात सात मुलं. परत येऊन त्यांनी विचारलं, दहावीला इंग्रजी कोण शिकवतं, आणि त्या मॅडम कुठे आहेत?

मला माहीत होतं त्या कुठे आहेत. त्या आमच्या बांधीत होत्या. त्या दिवशी रोवणी कापगत्यांचीच होती, सकाळी मीच डब्यांसोबत चहाची किटली भरून पाठवली होती. हालचाल रजिस्टर माझ्यासमोर टेबलावर होतं, त्यात शहारे मॅडमच्या वाकड्या ओळीत सगळं लिहिलेलं होतं. परवानगी आहे, हेडमास्तरांना फोन लावून विचारा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी माझी पर्स उचलली आणि रजिस्टरवर ठेवली.

"मला माहीत नाही, सर," मी म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहिला, विनापरवानगी गैरहजर, आणि गेले. यादवराव पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा होता. त्याने पर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास घेऊन परत गेला.

मी तसं का केलं, याची दोन कारणं आहेत. एक, शाळेच्या वेळेत दहावीची मुलं माझ्या सासऱ्यांच्या बांधीत राबत आहेत हे साहेबांना दिसलं असतं. दुसरं कारण वर सांगितलंच आहे. दोन्हींतलं मोठं कोणतं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

शहारे मॅडमना नोटीस आली. हेडमास्तर घाबरट माणूस, तोंडी परवानगीचा विषय निघाला की त्यांना खोकला यायचा. पण तो विषय काढायची वेळ मॅडमनी त्यांच्यावर आणलीच नाही. त्यांनी उत्तरात लिहिलं की मी घरगुती कामासाठी गेले होते, चूक झाली. कापगत्यांच्या बांधीचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत, रजिस्टरचा उल्लेख नाही. हेडमास्तरांनी ते उत्तर मला वाचायला दिलं. पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला आणि मग मला तिचा भयंकर राग आला. तिने आदळआपट केली असती, माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तर मलाही दोन शब्द बोलता आले असते. ती दुसऱ्या दिवशी डब्यातली लाखोरीची भाजी नेहमीसारखी माझ्यापुढे सरकवून मोकळी झाली. तिच्या सेवापुस्तकात शेरा लागला आणि ऑगस्टमध्ये दहावी माझ्याकडे आली.

मी जीव तोडून शिकवलं, हे कोणी नाकारू नये. पण ए आणि दचं पान उघडलं की मुलं माझ्याआधीच उत्तरं द्यायची. मला फक्त बरोबर म्हणायचं काम उरायचं. निकाल आला तो शाळेचा आजवरचा सगळ्यात चांगला निकाल होता. संस्थेने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फोटो. मी भाषणात "माझ्या सर्व सहकाऱ्यांचे आभार" असं म्हटलं. तिचं नाव जिभेवर आलं होतं, मी ते गिळलं. मग पहिल्या आलेल्या मुलाला कोणी तरी विचारलं, इंग्रजीचा अभ्यास कुठे केलास, क्लास लावला होता का? तो म्हणाला, "नाही जी, बांधीत." सभागृह हसलं. शहारे मॅडम मागे उभ्या राहून लहान मुलांची रांग सांभाळत होत्या, त्याही हसल्या. सत्कारानंतर मुलं माझ्या पाया पडली आणि पाया पडून मागे पळाली. मी शाल सारखी करत उभी होते.

पुढच्या वर्षी शाळेचा पट कमी झाला आणि इंग्रजीचा एक शिक्षक अतिरिक्त ठरला. सेवेत कनिष्ठ म्हणून शहारे मॅडम. जानेवारीत त्यांची ऑर्डर आली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चोरखमाऱ्याच्या बाजूची शाळा. मी त्यांना माझ्या स्कूटीवर अर्जुनीच्या स्टँडवर सोडायला गेले. कोणी सांगितलं नव्हतं, मीच म्हटलं. ती एक दिवस आधी गेली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि तरी सोडायलाही मीच जावं असं वाटत होतं. माणसाचं मन असं असतं. त्यांच्यापाशी एक बॅग आणि मुलांनी दिलेल्या भेटींची एक पिशवी होती.

गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "ताई, एक गोष्ट बोलाची राहून गेली. यादवरावनं मले सांगतलं होतं, थ्या दिवशी तुमी रजिस्टरवर पर्स ठेवली म्हनून."

मी मांडीवरची पर्स बाजूला सरकवली.

"मी मूर्खावानी साऱ्या पोराईची नावं लिवून गेली होती. साहेबानं पायली असती तं एकेकाच्या बापाले बोलावलं असतं. पोरं शाळाच सोडून देली असती. तुमी झाकलं म्हनून वाचली. मले तेवढी अक्कल नाही सुचली असती." आणि त्यांनी माझा हात दाबला. "दहावी तुमच्या हाती गेली तवा मले बरंच वाटलं."

मी सांगू शकले असते. स्टँडवर गर्दी नव्हती, गाडी अजून लागली नव्हती, दहा मिनिटं तरी होती. पण खरं सांगितलं असतं तर त्या मान खाली घालून हसल्या असत्या आणि माझा हात तसाच धरून ठेवला असता, हे मला ठाऊक होतं. तेवढं माझ्याच्याने सोसलं नसतं. मी म्हटलं, पोचल्यावर फोन करा. त्या हो म्हणाल्या. मग गोंदियाची गाडी लागली, मी बॅग वर चढवून दिली आणि त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली.

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, काही तरी निरोपाचं बोलतील.

"ताई, दहावीतल्या मनीषाले पुढं बसवा. तिले दूरचं दिसत नाही. लाजते, सांगत नाही."

मी मान हलवली. गाडी चौकातून वळली. मनीषा जूनपासून माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत होती. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेते म्हणून मी तिला त्याच आठवड्यात दोनदा उभं केलं होतं.